भाऊ म्हणतो पळत नाही, मला तीच हवी

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे, उंची पाच फूट एक इंच. आजवर स्कूटरच चालवली. गिअरची गाडी कॉलेजात असताना शिकले होते, मध्यंतरी पुन्हा सराव केला. आता स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी मोटरसायकल घ्यायची आहे. मनात एकच भरली आहे: गोल हेडलाइटची, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची, जुन्या वळणाची. पण ज्याला सांगावं तो वेगळंच सांगतो. भावाकडे स्पोर्ट्स बाइक आहे. तो म्हणतो, "कशाला घेतेस ती? पळत नाही." ऑफिसातले एक सहकारी ॲडव्हेंचर बाइकवर लांब लांब जातात. ते म्हणतात, घ्यायची तर उंच घ्या, कुठेही जाते. त्यांची गाडी मी नुसती उभी धरून पाहिली तर ती अंगावर आली. त्यांनी सावरली, पण तेव्हापासून धास्ती बसली आहे. नवरा म्हणतो, स्कूटर चांगली चालली आहे की! एकाच वस्तूत प्रत्येकाला इतकं वेगळं काय दिसतं? मी नुसती दिसण्यावर भाळले आहे का? आणि पहिली गाडी नवी घ्यावी की जुनी?

नमस्कार.

तुमचा भाऊ, सहकारी आणि नवरा, तिघांचंही म्हणणं खरं आहे, हे आधी सांगते. प्रत्येक जण स्वतःला गाडीवर जिथे मजा येते तिथून बोलतोय. भावाची मजा वळणात आहे. सहकाऱ्यांची मजा डांबर संपतं तिथून पुढे सुरू होते. नवऱ्याला वेळेवर आणि विनाकटकट पोचायचंय. तुम्हाला मजा नेमकी कशात येते, ते मात्र पत्रात आलेलं नाही. सीसी आली, हेडलाइटचा आकार आला, पण त्या गाडीवर बसून तुम्ही कुठल्या वेगाने, किती लांब, एकटीने की कुणाला मागे घेऊन जाणार, ते कळलं नाही. ते ठरलं की गाडी ठरायला वेळ लागत नाही. म्हणून आधी बाकीच्यांचं बघू, मग तुमच्याकडे येते.

भावाच्या "पळत नाही"पासून सुरुवात करू. ती पळत नाही हे खरंच आहे. आणि का पळत नाही ते कळलं की लोक तिच्यावर जीव का टाकतात तेही कळतं.

जुन्या बुलेटचं ३४६ सीसीचं इंजिन बघा. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ९० मिलिमीटर. केटीएम ड्यूकच्या ३७३ सीसी इंजिनात व्यास ८९ आणि स्ट्रोक ६०. सीसीत फारसा फरक नाही, पण एक सिलिंडर उंच आणि अरुंद, तर दुसरा बसका आणि रुंद. इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेतं तेव्हा ६० मिलिमीटर धावणाऱ्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर होतो. ९० मिलिमीटरवाल्याला तेवढेच फेरे घ्यायला लावले तर त्याला सेकंदाला २७ मीटरने धावावं लागेल, आणि रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन ते सोसत नाही. म्हणून लांब स्ट्रोकचं इंजिन खालच्या फेऱ्यांतच काम उरकतं. बुलेटच्या घराण्यातलं हल्लीचं ३४९ सीसीचं इंजिन साधारण २० अश्वशक्तीचं आहे, पण त्याचा २७ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, ४००० फेऱ्यांनाच हाताशी येतो. ड्यूकचं ते इंजिन ४३ च्या आसपास अश्वशक्ती देतं, मात्र ९००० फेऱ्यांपाशी.

भाऊ हे आकडे दाखवून म्हणेल, बघ, दुप्पट ताकद. आहेच. ती मिळवायची तर गिअर खालचा ठेवायचा, रेस पिळायची आणि काटा वर चढेपर्यंत हात ढिला सोडायचा नाही. ज्याला हे करण्यात मजा येते त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे सुख आहे. आता दुसरा एखादा पन्नासच्या वेगाने निघालाय, समोर चढ आला, त्याने गिअर न बदलता मनगट जरासं फिरवलं आणि गाडी कुरकुर न करता वर गेली. दिवसभर त्याला एवढंच हवं असतं. पहिल्याला दुसऱ्याची गाडी मेंगळट वाटते आणि दुसऱ्याला पहिल्याची गाडी सतत अंगावर ओरडल्यासारखी वाटते. दोघांनाही चूक म्हणवत नाही.

आवाजाचंही तसंच. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडून ठोका पडतो. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला हजार ठोके, सेकंदाला जेमतेम सतरा. आपल्या कानाला सेकंदाला साधारण वीसच्या वर गेलेली कंपनं सलग सूर म्हणून ऐकू येतात, त्याखाली ठोके सुटे राहतात. म्हणून सावकाश चाललेली ती गाडी गात नाही, ठोके देते, आणि ते ठोके कानांइतकेच मांड्यांना आणि तळव्यांना कळतात. चार सिलिंडरचं इंजिन ६००० फेऱ्यांवर सेकंदाला दोनशे ठोके देतं. तिथे ठोका उरतच नाही, सूर लागतो, आणि रेस वाढवली की तो सूर चढत जातो. त्या चढत्या सुरासाठी माणसं वेडी होतात. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० आणली, सलग चार सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली, तेव्हापासून ही ओढ सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

मधल्या, म्हणजे दोन सिलिंडरच्या, जाती तर आणखी रंगतदार आहेत. हार्लेच्या व्ही-ट्विनमध्ये दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या, एकाच पिनवर. त्यामुळे एका ठोक्यानंतर क्रँक ३१५ अंश फिरला की दुसरा येतो आणि मग पुढच्यासाठी ४०५ अंश थांबावं लागतं. हा लंगडा ठेका इतका ओळखीचा झाला की १९९४ मध्ये कंपनीने त्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. प्रकरण बरीच वर्षं रेंगाळलं आणि २००० मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला. डुकाटीत दोन सिलिंडर काटकोनात असतात, ठेका त्याहून वेगळा आणि इंजिन जास्त संतुलित. तो ठेका शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सिलिंडरांतून काढण्यासाठी क्रँकच्या पिना २७० अंशांवर बसवण्याची युक्ती यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स ८५० मध्ये केली. आज अनेक कंपन्यांच्या ट्विनमध्ये तीच आहे. बीएमडब्ल्यूचं बॉक्सर इंजिन, म्हणजे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेलं, १९२३ च्या आर ३२ पासून चालत आलंय. जुन्या बॉक्सरवर बसून जागच्या जागी रेस दिली की गाडी किंचित उजवीकडे झुकते. इंजिनियरच्या दृष्टीने ही उणीव, पण ते झुकणं जिवंतपणाची खूण मानणारी माणसं आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता तुमच्या निवडीची उणी बाजूही सांगायला हवी. एका सिलिंडरची थरथर सावकाश चालताना सुखाची असते. तासाला शंभरच्या पुढे तीच फुटरेस्टमधून तळव्यांत आणि हँडलमधून बोटांत उतरते. हल्लीच्या इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट असतो, त्याने ती बरीच कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. शिवाय हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठला जेवढा वारा छातीवर बसतो, १२० ला त्याच्या चौपट बसतो, आणि सरळ बसायच्या गाडीवर तो सगळा तुमच्याच अंगावर. तुमचं निम्मं चालवणं जर रुंद महामार्गावर, ट्रकांना मागे टाकत, तासन्‌तास होणार असेल तर भावाचं ऐका. निदान दोन सिलिंडरची घ्या.

भावाच्या गाडीत आणखी काय आहे? पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, उभट, बहुतेक स्पोर्ट्स बाइकमध्ये उभ्या रेषेपासून २४ अंशांच्या आसपास कललेला. क्रूझरमध्ये, म्हणजे बसक्या, लांबट, पाय पुढे टाकून चालवायच्या गाडीत, तोच कल तीसच्या पुढे जातो. फोर्क उभा असला की गाडी नुसत्या इशाऱ्यावर वळते, कललेला असला की सरळ रेषेत निवांत राहते आणि वळायला थोडं समजावून सांगावं लागतं. तुमच्या भावाचा सगळा जीव त्या तीन-चार सेकंदांत आहे: वळणाआधी ब्रेक, मग गाडी झुकवणं, मग हळूहळू रेस देत बाहेर पडणं. ते नीट जमलं तर दिवस सार्थकी लागतो. त्याची वाकून बसायची पद्धत बाहेरून बघणाऱ्याला छळ वाटते, आणि गर्दीत तो छळच असतो, सगळा भार मनगटांवर येतो. पण वेग वाढला की समोरचा वाराच छाती उचलून धरतो आणि मनगटं मोकळी होतात. ती बैठक त्या वेगासाठीच बेतलेली आहे.

त्याच्याकडून एक गोष्ट मात्र जरूर शिकून घ्या. डावीकडे वळायचं तर डावं हँडल किंचित पुढे ढकलायचं, उजवीकडे वळायचं तर उजवं. उलटं वाटतं, पण जरा वेग आला की प्रत्येक दुचाकी अशीच वळते. आपण नकळत तेच करत असतो. जाणूनबुजून करायला लागलं की गाडी कितीही जड असो, हातात येते. स्पोर्ट्स बाइकवाल्यांना हे चांगलं येतं. एखाद्या मोकळ्या मैदानात तासभर त्याचा वेळ घ्या.

आता सहकारी. उंच गाडीचं प्रेम मला समजतं. शॉकअपची धाव लांब, फुटरेस्टवर उभं राहून चालवता येतं, खड्डा आला तर गुडघे वाकतात आणि पाठ वाचते. क्रूझरवर पाय पुढे टाकलेले असतात, तिथे उठायची सोयच नाही, प्रत्येक खड्डा मणक्यात जातो. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस काढली, पुढच्याच वर्षी ह्युबर्ट ऑरिओलने तिच्या शर्यतीच्या रूपावर पॅरिस-डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली, आणि मोठी ॲडव्हेंचर बाइक ही जात रुजली. तिच्यावर बसलेल्या माणसाला रस्ता संपला तरी थांबावं लागत नाही. रोज ऑफिसला जाताना सुद्धा ही शक्यता सोबत असणं, हेच त्या गाडीचं खरं आकर्षण. अनेकांची गाडी वर्षभरात एकदाही मातीत उतरत नाही, तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. उतरता येईल एवढ्यावरही माणूस खूश असतो.

पण "लांब जायचं तर उंचच हवी" हे मानू नका. टेड सायमन नावाचा पत्रकार १९७३ मध्ये निघाला आणि चार वर्षं जगभर फिरला, तो ट्रायम्फच्या ५०० सीसीच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीवर. एल्स्पेथ बिअर्ड १९८२ मध्ये एकटी निघाली आणि जगाला फेरी मारून आली. तिच्याकडे जुनी बीएमडब्ल्यू आर ६०/६ होती, तीही रस्त्यावरचीच. आणि त्यांच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९३४ मध्ये, थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी लंडनहून निघून, सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये केप टाउनला पोचल्या. ६०० सीसीची एका सिलिंडरची पँथर, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर! एका सिलिंडरने सगळा आफ्रिका खंड पार केला. हे भावालाही सांगा.

तुमच्यावर आलेल्या त्या गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमची धास्ती तिथे आहे आणि ती न काढता घेतलेली कुठलीही गाडी तुम्हाला जडच जाईल.

उभी गाडी सरळ असते तेव्हा तिचं वजन चाकांवर असतं, तुमच्या हातात जवळजवळ शून्य. ती कलली की हिशेब झपाट्याने बदलतो. दोनशे किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरहून थोडा वर, असं धरा. पाच अंश कलली तर हँडलपाशी साधारण दहा किलोचा जोर लावून ती धरता येते. पंधरा अंश कलली की तोच जोर तिसाच्या जवळ जातो. म्हणजे गाडी "अचानक अंगावर आली" असं आपल्याला वाटतं, पण ती पहिल्या पाच अंशांत सावरायची असते, तेवढ्या वेळात आपलं लक्ष नसतं. उंच गाडीत गुरुत्वमध्य वर, वजन जास्त, शिवाय पाय टेकायला गाडी आणखी कलवावी लागते, त्यामुळे ते पाच अंश कधी निघून गेले कळतही नाही. तुमच्या ताकदीचा इथे फारसा संबंध नव्हता. सहा फुटी माणसाच्या हातूनही ती पडते.

डॅनी पेड्रोसाची उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्याने ग्रांप्री मोटरसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या गटात ३१ शर्यती जिंकल्या. धावत्या गाडीला उंची लागत नाही हे त्याने दाखवून दिलं. तुमचा प्रश्न थांबण्याचा आहे, आणि थांबण्याची एक रीत असते. दोन्ही पाय टेकायचा अट्टहास सोडा. गाडी थांबायच्या आधी कंबर सीटवर किंचित डावीकडे सरकवा, डावं पाऊल पूर्ण टेकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा. रस्ता ज्या बाजूला उतरता असेल त्या बाजूला पाय टाकू नका. आणि अगदी सावकाश थांबताना हँडल वळलेलं असेल तर पुढचा ब्रेक दाबू नका. उभ्याउभ्या पडणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरी याच एका कारणाने पडतात.

सीटची उंची कागदावर बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा. क्रूझरची सीट ७०० मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या मनातल्या जातीची साधारण ८०० आणि उंच ॲडव्हेंचरची ८५० ते ९००. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला, टाकीजवळ, किती रुंद आहे त्यावर पाय कुठवर पोचतो हे ठरतं. ८१० ची अरुंद सीट ७८० च्या रुंद सीटपेक्षा तुम्हाला बरी पडू शकते. तुम्ही बसल्यावर शॉकअप किती खाली बसतो त्यानेही फरक पडतो. तेव्हा मोजपट्टीवर विश्वास न ठेवता बसून बघा, आणि ज्या बुटांत गाडी चालवणार तेच घालून जा. गाडी खाली घेऊन देतो असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. साइड स्टँड लांब पडतो, गाडी उभी करताना नीट कलत नाही आणि स्पीड ब्रेकरवर खालून घासायला लागते. आधी सीटचा फोम कमी करून मिळतो का ते बघा.

नवऱ्याच्या मताला मी हलकं समजत नाही. जगात सगळ्यात जास्त खपलेली मोटार बसवलेली दुचाकी होंडाची सुपर कब आहे. १९५८ मध्ये आली आणि २०१७ पर्यंत दहा कोटींच्या वर बनली. क्लच दाबायचा नाही, पाय आडवा टाकून चढायचं नाही, बिघाड कमी. माणसांना बहुतेक दिवस गाडीकडून काहीही आठवण नको असते, फक्त पोचायचं असतं. तुमची स्कूटर ते काम करते आहे, तर ती विकू नका. मोटरसायकलवर रोजच्या कामाचं ओझं पडलं नाही तर ती तुमची राहील. नवऱ्याशी बोलताना "स्कूटर वाईट आहे" असा वाद घालूच नका, कारण तो वाद तुम्ही हराल.

दिसण्यावर भाळले का, असं तुम्ही थोडं शरमून विचारलंय. दिसणं हे अगदी रास्त कारण आहे. फक्त एक करून बघा. आपण गाडी बघतो ती बाजूने, स्टँडवर उभी असलेली, फोटोत असते तशी. चालवताना त्यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती टाकीची वरची बाजू, मीटर, आरसे, हँडलवरची स्वतःची बोटं, आणि पुढे हेडलाइटची वरची कड. ती गाडी तुम्ही अशीच बघणार आहात, वर्षानुवर्षं. सीटवर बसा, गाडी बंद ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं खाली-समोर बघा. टाकीचा फुगार गुडघ्यांत नीट बसतो का? मीटर काट्याचं आहे की आकड्यांचं, आणि तुम्हाला कुठलं आवडतं? आरशात मागचा रस्ता दिसतो की स्वतःची कोपरं? तिथून ती आवडली तर तुमचं भाळणं पक्कं समजा.

मग चालवून बघा, आणि एकदा नाही. शोरूमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंतच्या फेरीत प्रत्येक गाडी चांगली वाटते. शक्य तर तासभर मिळवा. पहिल्यांदा स्टँडवरून काढून हाताने मागे ढकला, पार्किंगमध्ये लावतात तशी. हे रोज करावं लागतं आणि विकत घेताना कुणीच करून बघत नाही. मग हाफ क्लचवर, मागचा ब्रेक हलकेच धरून, अरुंद जागेत पूर्ण वळसा घ्या. जड फ्लायव्हीलचं, म्हणजे फेरे टिकवून धरणारं जड चाक असलेलं, इंजिन इथे उपयोगी पडतं, ते खालच्या फेऱ्यांत पटकन बंद पडत नाही. नव्याने गिअरवर येणाऱ्यासाठी लांब स्ट्रोकची एक सिलिंडर गाडी मला म्हणूनच आवडते. मग चढावर थांबून पुन्हा निघा. मग तुम्हाला ज्या वेगाने चालवायचंय त्या वेगाला दहा-पंधरा मिनिटं सलग ठेवा आणि बोटांत मुंग्या येतात का बघा. मागे कुणी बसणार असेल तर त्यांनाही बसवा. त्यांची सीट आणि फुटरेस्ट यातलं अंतर कमी असेल तर पहिल्याच फेरीत तक्रार ऐकायला मिळेल.

भावाच्या जातीची आणि सहकाऱ्यांच्या जातीची एकेक गाडीही अशीच चालवून बघा. जमल्यास मधली एखादी, म्हणजे सरळ हँडलची, काच-आवरण नसलेली नेकेड बाइक. ती कुठल्याच गोष्टीत टोकाला जात नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी कविता करत नाही, पण तुमच्यासारखीला ती अनपेक्षितपणे आवडून जाऊ शकते. बॅटरीवर चालणारी मिळाली तर तीही. सुरुवातीपासूनच पूर्ण टॉर्क, गिअर नाही, ठोका नाही. ती चालवल्यावर तुम्हाला ठोक्याची उणीव भासते की सुटका वाटते, यावरून स्वतःबद्दल बरंच कळेल.

घरी आल्यावर लगेच कुणाशी बोलू नका. कुठला क्षण मनात राहिला ते लिहून ठेवा. वळण? चढावरचा तो सहज ओढा? थांबल्यावर पायाखाली चाललेली धडधड? लोकांनी वळून बघणं? तेही चालेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काहींना तर चालवण्यापेक्षा गाडीची देखभाल करण्यात जास्त रस असतो. चेनला तेल देणं, टॅपेटमधली फट फीलर गेजने मोजणं, रविवारची सकाळ त्यात घालवणं. तुम्ही त्यातल्या असाल तर उघड्या इंजिनाची, हात घालायला जागा असलेली गाडीच घ्या. स्पोर्ट्स बाइकचं सगळं आवरण उतरवल्याशिवाय प्लगही दिसत नाही.

माझा अंदाज सांगू? तुमच्या पत्रात वेगाचा शब्द फक्त भावाच्या तोंडी आहे आणि अंतराचा फक्त सहकाऱ्यांच्या. तुमच्या स्वतःच्या वाक्यात गोल, जुन्या वळणाची आणि "स्वतःसाठी" एवढंच आलंय. मला वाटतं तुम्हाला कुठे पोचायची घाई नाही. तसं असेल तर तुमची निवड बरोबर आहे, आणि चालवून बघितल्यावर ती बदलली तरी हरकत नाही.

नवी की जुनी? तुम्हाला मी चार-पाच वर्षांची, पण एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, असलेली गाडी सुचवेन. स्कूटरवरून आलेल्या माणसाच्या हातून पहिल्या काही महिन्यांत गाडी एकदा तरी उभ्याउभ्या पडते. नव्या टाकीवर ओरखडा आला तर तुम्ही घाबरून चालवणंच कमी कराल. एबीएसवर मात्र तडजोड नको. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० वर ती आली तेव्हा चैनीची गोष्ट होती, आता तसं नाही. ओल्या रस्त्यावर दचकून दाबलेला ब्रेक तीच सांभाळून घेते.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की गाडी तापवून ठेवू नका. इंजिनाला हात लावून ते गार आहे याची खात्री करा, कारण बरेच दोष गार इंजिन चालू होतानाच बोलतात. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसतंय का बघा. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक हवेत उचलून घ्या आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलंय. मागच्या चक्राचे दात एका बाजूला वाकलेले असतील तर चेनसेटचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर बदलायचाच असं धरून चाला. इंजिन आणि चासीचे नंबर कागदांशी ताडून बघा. आणि भावाला सोबत न्या. त्याला ती गाडी आवडत नाही, त्यामुळे तिच्यातले दोष त्याला तुमच्याआधी दिसतील.